देव एक, भोई अठ्ठ्याऐंशी

भाऊबीजेच्या पहाटे पाटावर बसून ताईच्या हातून अंगाला तेल लावून घ्यावयाचे, हा आमच्या घरचा नेम मला आठवते तेव्हापासून चालत आला आहे. मी आता सत्तेचाळीस वर्षांचा झालो. महाविद्यालयात मराठी शिकवितो, मुले मला ‘सर’ म्हणतात, आणि तेल जिरवावे इतके केसही डोक्यावर उरलेले नाहीत. पण ताईपुढे यांतली एकही सबब चालत नाही. ती माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. वाटीत तेल कोमट करून आणते, पाठीवर खसाखसा चोळते, उटणे लावते, आणि शिकेकाईचे पाणी डोक्यावर ओतताना न चुकता म्हणते, “डोळे मीट, झोंबेल!”

अंगाला तेल इतके चोपडलेले असते की, तांब्यावर तांबे नुसते पाणी ओतले तरी ते अळवाच्या पानावरून ओघळावे तसे ओघळून जाते. तेल जागचे हलत नाही. पण शिकेकाई लागली की तेच तेल पाण्याचे बोट धरून मुकाट्याने मोरीत निघून जाते. जन्मभर मी हे पाहत आलो. पण असे का होते, हा प्रश्न मला कधी पडला नाही. मराठीच्या प्राध्यापकाने असले प्रश्न पाडून घ्यावयाचे नसतात, अशी माझी समजूत होती.

तो प्रश्न पडला २०१९ सालच्या दिवाळीनंतर, एका रुग्णालयातल्या खुर्चीशेजारी उभा असताना. त्याचे उत्तर शोधता शोधता शिकेकाईच्या त्या पाण्यातून मी आजच्या औषधशास्त्राच्या एका मोठ्या खटाटोपापर्यंत जाऊन पोचलो. तीच हकिगत आज सांगावयाची आहे.

त्या दिवशीची दहा मिनिटे

त्या वर्षी पावसाळ्यात ताईला स्तनाचा कर्करोग असल्याचे निघाले. ताई शाळेत गणित शिकवीत असे. तिने ही बातमीही एखादे उदाहरण मांडावे तशी आम्हांला सांगितली: शस्त्रक्रिया एक, मग औषधाच्या फेऱ्या आठ, पहिल्या चार एका औषधाच्या, पुढच्या चार दुसऱ्या औषधाच्या. शस्त्रक्रिया पार पडली. पहिल्या चार फेऱ्यांतले ते लाल रंगाचे औषध तिने केस गमावून, उलट्या सोसून, पण न कुरकुरता पार केले. दिवाळीनंतर दुसऱ्या औषधाची पाळी आली. त्याचे नाव पॅक्लिटॅक्सेल.

या औषधाचा थाटच निराळा होता. आदल्या रात्री गोळ्या, पहाटे गजर लावून पुन्हा गोळ्या, रुग्णालयात गेल्यावर आणखी दोन इंजेक्शने. ही सारी औषधे म्हणजे मुख्य औषधाच्या आगमनापूर्वी रस्त्यावर उभा केलेला बंदोबस्त! शिवाय या औषधाला नेहमीची प्लॅस्टिकची पिशवी चालत नाही, नळीही वेगळी लागते. नर्सबाईंनी काचेची बाटली टांगली, थेंब सुरू केले, आणि मी ताईला वर्तमानपत्रातले शब्दकोडे वाचून दाखवू लागलो.

आडवा शब्द पाचवा चालू होता. ताईने उत्तर दिले नाही म्हणून मी वर पाहिले, तर तिचा चेहरा कुंकवासारखा लाल झाला होता. “पाठीत कळ... श्वास...” एवढेच शब्द तिच्या तोंडून आले. नर्सबाईंनी क्षणात थेंब बंद केले. डॉक्टर धावत आले. इंजेक्शने दिली, प्राणवायू लावला. अर्ध्या तासाने ताईचा श्वास ताळ्यावर आला. माझा मात्र घरी पोचेपर्यंत आला नव्हता. सुरुवातीपासून हे सारे दहा मिनिटांत घडले होते.

“आज राहू द्या,” डॉक्टर म्हणाले. “आठ दिवसांनी या. मग ठरवू.”

घरी आल्यावर ताईने हातपाय धुतले, देवापुढे निरांजन लावले, आणि आमच्याकडे न बघताच म्हणाली, “मी ठरवलंय. ते औषध आता मला नको. रोगाने मरायचं ते मरेन, पण औषधाने मरणार नाही.”

मेहुणे काही बोलले नाहीत. माझी सौ. डोळे पुसत आत गेली. ताईने एकदा ‘नाही’ म्हटले की ते शाळेच्या घंटेसारखे असते, हे आम्हां सर्वांना ठाऊक होते.

नंदुरबारचा माणूस

दुसऱ्या दिवशी महाविद्यालयात आमच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापक मित्राला मी गाठले. एरवी त्यांचे माझे बोलणे परीक्षेच्या वेळापत्रकापलीकडे जात नाही. पण माझा चेहरा पाहून त्यांनी चहा मागवला आणि सारे नीट ऐकून घेतले.

“तुमच्या ताईंना जे औषध दिलं, ते शोधणाऱ्या दोघांपैकी एकजण नंदुरबारचा, हे ठाऊक आहे का?” त्यांनी विचारले.

मला कसे ठाऊक असणार? मग त्यांनी सांगितले ते असे. मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ साली नंदुरबारला झाला. मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकून ते अमेरिकेत गेले. तेथे इंडियाना विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून १९६२ साली नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या एका संशोधन संस्थेत मन्रो वॉल यांच्या हाताखाली रुजू झाले. त्याच वर्षी आर्थर बार्कले नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या जंगलातून ‘पॅसिफिक यू’ या झाडाची साल गोळा केली होती. आपल्या हिमालयात, गढवालकडे ज्याला थुनेर म्हणतात, त्याचाच हा भाऊबंद. कर्करोगावर उपयोगी पडेल असे काही वनस्पतींत सापडते का, याचा शोध अमेरिकेचे सरकार त्या काळी पद्धतशीरपणे करीत होते. ती साल यथावकाश वॉल आणि वाणी यांच्याकडे आली. बारा किलो वाळलेल्या मालातून त्यांच्या हाती लागले ते अर्धा ग्रॅम शुद्ध द्रव्य! त्याची संपूर्ण रचना त्यांनी १९७१ साली प्रसिद्ध केली. वाणी पुढे २०२० साली वारले.

हे द्रव्य करते काय, हे १९७९ साली न्यूयॉर्कच्या सुसान हॉर्विट्झ यांनी दाखवून दिले. पेशी दुभंगताना तिच्या आत बारीक नळ्यांची एक परांची उभी राहते आणि काम झाले की ती उतरवली जाते. हे औषध ती परांची उतरवूच देत नाही. इमारत पुरी झाली तरी बांबू तसेच. मग त्या घरात राहणार कोण? भराभर वाढणाऱ्या कर्करोगाच्या पेशी त्यात अडकून मरतात.

“मग इतकं गुणी औषध माणसाला असं का छळतं?” मी विचारले.

“औषध नाही छळत,” ते म्हणाले. “त्याचं वाहन छळतं. तुमचं औषध पाण्यात विरघळत नाही हो! सारी रड तिथेच आहे.”

घागरीत न मावणारे औषध

माणसाचे रक्त म्हणजे बव्हंशी पाणी. शिरेतून दिलेले औषध त्या पाण्यात मिसळले तरच ते जागोजाग पोचणार. न विरघळलेली भुकटी शिरेत सोडली तर बारीक रक्तवाहिन्या तुंबून अनर्थ व्हावयाचा. पॅक्लिटॅक्सेलचा रेणू मोठा अवजड. नुसते कर्बाचे अणूच त्यात ४७. स्वभावाने तेलकट, पाण्याशी उभा दावा. लिटरभर पाण्यात त्याचे जेमतेम काही मिलिग्रॅम विरघळतील, आणि ताईला एका फेरीत हवे होते २८० मिलिग्रॅमच्या आसपास. नुसत्या पाण्यातून द्यावयाचे तर घागरीच्या घागरी शिरेत ओतल्या पाहिजेत! पोटातून द्यावे, तर तेथूनही ते रक्तात नीट उतरत नाही.

हे दुःख या एकाच औषधाचे नाही. प्रयोगशाळेच्या बशीत रोगाला धूळ चारणारी कितीतरी द्रव्ये केवळ पाण्यात विरघळत नाहीत म्हणून रुग्णापर्यंत पोचू शकत नाहीत. विद्वान आहे, पण लोकांत मिसळत नाही, असे काही प्राध्यापक असतात ना, त्यांतलीच गत.

पॅक्लिटॅक्सेलचेही तसेच झाले. रचना कळल्यावर माणसांवरच्या चाचण्यांना १९८४ साल उजाडले. तोवर एक वाट सापडली होती. एरंडेलावर रासायनिक प्रक्रिया करून बनविलेला ‘क्रेमोफोर’ नावाचा दाट द्राव आणि मद्यार्क जवळपास निम्मे निम्मे घ्यावयाचे, त्यात औषध विरघळवावयाचे, आणि मग ते पातळ करून शिरेत सोडावयाचे. औषध रक्तात पोचले खरे. पण पहिल्या चाचण्यांतच कित्येक रुग्णांना ताईसारखा त्रास झाला, काहींच्या जिवावर बेतले. काम बंद पडण्याची वेळ आली होती. मग आधी गोळ्या-इंजेक्शनांचा बंदोबस्त आणि औषध अगदी सावकाश देणे, या दोन युक्त्यांनी गाडे पुढे सरकले. १९९२ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली आणि तेव्हापासून जगभर असंख्य रुग्णांना त्याने आयुष्य दिले. बहुतेकांना ते बंदोबस्तात सोसते. काहींना सोसत नाही. आमची ताई त्या काहींतली.

माझ्या मित्राने एका कागदावर दोन आकडे लिहून दिले. मी तो कागद घरी नेऊन ताईपुढे ठेवला. दर मिलिलिटरला औषध ६ मिलिग्रॅम, एरंडेलाचा द्राव ५२७ मिलिग्रॅम. गणिताच्या बाईंपुढे आकडे ठेवले की त्या गप्प बसत नाहीत. ताईने चष्मा लावला, मनातल्या मनात भागाकार केला आणि म्हणाली, “अठ्ठ्याऐंशी पट?”

“हो.”

“म्हणजे पालखीत देव एक आणि भोई अठ्ठ्याऐंशी!” ती थोडा वेळ कागदाकडे पाहत राहिली. “आणि परवा मला धक्का मारला तो भोयांनी. देवाने नव्हे.”

मग एकदम हसली. आजारपणात ती हसल्याचे ते मला पहिलेच स्मरण आहे. “अरे, दर रविवारी आई आपल्याला एरंडेल पाजायची, आठवतं? तू मुकाट प्यायचास आणि मी मोरीत ओकायची. मला एरंडेल सोसत नाही हे आईला ठाऊक होतं. डॉक्टरांना कोण सांगणार!”

पोटात घ्यावयाचे एरंडेल आणि हा द्राव यांत पुष्कळ अंतर आहे, हे मी तिला सांगितले नाही. हसत होती, तर हसू दिले.

भोंडल्याचा फेर

पण भोई बदलता येतात का? येथे शिकेकाईचे पाणी पुन्हा गोष्टीत येते.

शिकेकाईत, रिठ्यात, साबणात जे रेणू असतात त्यांचा स्वभाव दुहेरी असतो. एक टोक पाण्यावर लुब्ध, दुसरे टोक तेलावर. नव्या सुनेसारखी त्यांची स्थिती: एक पाय सासरी, एक जीव माहेरी. असे थोडेच रेणू पाण्यात असतील तर ते एकटे-दुकटे भटकतात. पण त्यांची संख्या एका मर्यादेपलीकडे गेली की एक नवल घडते. कोणी हाक न मारता, कोणी रांग न लावता ते आपण होऊन जमतात आणि गोल फेर धरतात. पाण्यावर प्रेम करणारी तोंडे बाहेर, पाण्याला भिणारी शेपटे आत. याला शास्त्रज्ञ ‘मायसेल’ म्हणतात. साबणाच्या पाण्यात असे पुंजके असले पाहिजेत, ही गोष्ट ब्रिस्टलच्या मॅकबेन यांनी १९१३च्या सुमारास मांडली होती.

भोंडल्यात पाटावर हत्ती काढून मुली भोवती फेर धरतात ना, तसेच हे. फक्त येथे मुलींची तोंडे बाहेरच्या बाजूला. तेलाचा कण मधल्या हत्तीसारखा त्या फेरात सापडतो. बाहेरून पाण्याला दिसतात ती पाण्याचीच स्नेही मंडळी. आत तेल बसले आहे याचा त्याला पत्ताही लागत नाही. म्हणून तर भाऊबीजेच्या पहाटे माझ्या पाठीवरचे तेल मोरीत जाते!

हे फेर किती लहान? मोजमापाला येथे नॅनोमीटर लागतो, म्हणजे मीटरचा एक अब्जावा भाग. आपला एक केस अंदाजे ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड, रक्तातली एक तांबडी पेशी सुमारे ७-८ हजार नॅनोमीटर रुंद, आणि औषधे वाहणारे असले फेर पुष्कळदा शंभराच्याही आतले. याच मापावरून त्यांना ‘नॅनोकण’ म्हणतात.

गंमत अशी की, एरंडेलाचा तो जुना द्रावही पाण्यात गेल्यावर असाच फेर धरतो. युक्ती तीच, चुकले ते भोई निवडण्यात. मग शास्त्रज्ञांनी नवे, सोज्वळ भोई घडवायला घेतले. दक्षिण कोरियात २००७ साली पॅक्लिटॅक्सेलचे जे नवे रूप आले, त्यात एक लांबलचक रेणू वापरला आहे. त्याचा एक भाग पाणी ओढणारा. दुसरा भाग लॅक्टिक आम्लाच्या कड्या जोडून बनविलेला. लॅक्टिक आम्ल म्हणजे आपल्या दह्याला आंबटपणा आणणारे तेच! असे रेणू पाण्यात पडले की आपोआप गोल जमतात आणि औषधाला आत घेतात. काम झाल्यावर तो दह्याकडचा भाग हळूहळू सुटा होतो आणि शरीर त्याची सहज विल्हेवाट लावते. एरंडेलाचा तो द्राव यात नाही.

दिवाळीची करंजी आणि काळी बुरशी

असाच दुसरा एक भोई सापडला तो इंग्लंडमध्ये. १९६१ साली केंब्रिजजवळच्या बेब्रॅहम येथे अॅलेक बँगहॅम हे लेसिथिन पाण्यात मिसळून नव्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. लेसिथिन म्हणजे अंड्याच्या बलकातही असणारा स्निग्ध पदार्थ. त्याच्या रेणूला एक तोंड पण शेपटे दोन, म्हणून त्याचा घट्ट गोळा होत नाही; दुहेरी पापुद्रा होतो आणि तो पापुद्रा आपल्या कडा मिटून घेऊन पिशवी बनतो. आमच्या स्वयंपाकघराच्या भाषेत सांगावयाचे तर करंजी! हिलाच पुढे ‘लायपोसोम’ हे नाव मिळाले. पाण्यात विरघळणारे औषध असेल तर ते सारणासारखे आत भरावयाचे. न विरघळणारे असेल तर पारीतच मुरवावयाचे.

ही करंजी आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे, पण ओळख फार वाईट दिवसांत झाली. २०२१ सालच्या मे महिन्यात, करोनाची दुसरी लाट चालू असताना, ‘काळ्या बुरशी’च्या रुग्णांसाठी महाराष्ट्रभर लोक एका इंजेक्शनाच्या शोधात वणवण फिरत होते. आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांसाठी आम्ही प्राध्यापक मंडळींनीही औषधांच्या दुकानांचे उंबरठे झिजविले. ते औषध होते लायपोसोममधले अॅम्फोटेरिसिन बी. मूळ औषध जुने; व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून ते १९५०नंतरच्या दशकात मिळाले. तेही पाण्यात विरघळत नाही. पूर्वी ते पित्तातल्या क्षारासारख्या एका द्रव्याच्या मदतीने देत, आणि मग थंडीने दात वाजत, ताप चढे, मूत्रपिंडे धोक्यात येत. तेच औषध करंजीच्या पारीत मुरवून दिले तर मूत्रपिंडांना होणारा उपद्रव पुष्कळ कमी होतो. लोक ज्यासाठी रांगा लावीत होते ते नुसते औषध नव्हते. त्याचे वाहनही होते. त्या विद्यार्थ्याचे वडील वाचले, एक डोळा मात्र गेला.

आठवा दिवस

आठव्या दिवशी ताई आपण होऊन डॉक्टरांकडे निघाली. हातात तोच कागद. खुर्चीत बसताच तिने विचारले, “डॉक्टर, मला देव तोच ठेवून भोई बदलून मिळतील का?”

डॉक्टर आधी गोंधळले, मग कागद पाहून मनापासून हसले. त्यांनी दोन वाटा सांगितल्या. एक, तेच औषध आणखी बंदोबस्तात, थेंबाथेंबाने पुन्हा देऊन पाहणे. अनेकांना दुसऱ्या वेळी ते सोसते. दुसरी, अल्ब्युमिनमध्ये बांधलेले पॅक्लिटॅक्सेल. अल्ब्युमिन हे आपल्याच रक्तातले प्रथिन. स्निग्ध पदार्थ इकडून तिकडे वाहून नेणे हा त्याचा पिढीजात धंदा. औषध आणि अल्ब्युमिन यांचे सुमारे १३० नॅनोमीटरचे कण बनवतात. हे कण मात्र शिकेकाईसारखे आपोआप जमत नाहीत. यंत्रात प्रचंड दाबाखाली ते घडवावे लागतात. अमेरिकेत ते २००५ सालापासून वापरात आहेत. एरंडेल नाही, म्हणून आदल्या रात्रीच्या गोळ्यांचा बंदोबस्तही सहसा लागत नाही, आणि तीन तासांचे काम अर्ध्या तासात होते.

“हे जास्त गुणकारी म्हणून सांगत नाही मी,” डॉक्टर म्हणाले. “तुम्हांला ते सोसेल असं वाटतं, म्हणून सांगतो. पण खर्च बराच जास्त आहे. घरी विचार करून सांगा.”

ताईने मेहुण्यांकडे पाहिले. निवृत्त झाल्यावर दोघांनी चारधामला जावे म्हणून तिने शाळेच्या पगारातून एक मुदत ठेव बाजूला टाकली होती. मेहुणे इतकेच म्हणाले, “बद्रीनाथ कुठे पळून जात नाही.”

ठेव मोडली. पुढच्या आठवड्यात ताई पुन्हा त्याच खुर्चीत बसली. मी पुन्हा शब्दकोडे घेऊन बसलो होतो, पण वाचवत नव्हते. पाच मिनिटे गेली, दहा गेली. ताईच्या चेहऱ्यावरून माझी नजर हलेना. शेवटी तीच म्हणाली, “आडवा पाचवा राहिलाय ना रे? वाच की!”

चारही फेऱ्या पार पडल्या. आज त्याला सहा वर्षे होत आली. ताई आहे, आणि बरी आहे.

देवाचा स्वतःचा दोष

येथे गोष्ट संपविली तर वाचकांना गोड वाटेल, पण ते खरे होणार नाही. नवे भोई आले म्हणजे सारे साधले असे नाही.

कर्करोगाच्या गाठीभोवतीच्या रक्तवाहिन्या घाईघाईने वाढलेल्या, भोके असलेल्या असतात. तेव्हा नॅनोकण नेमके तेथेच झिरपून साचतील, अशी मोठी आशा १९८६ साली जपानमधल्या मात्सुमुरा आणि माएदा यांच्या संशोधनाने निर्माण केली. उंदरांत ती बरीचशी फळली, पण माणसांत तितकी नाही. प्राण्यांवरच्या अनेक वर्षांच्या प्रयोगांचा २०१६ साली एक आढावा घेतला गेला. त्यात टोचलेल्या कणांपैकी गाठीपर्यंत पोचतात ते शंभरात एकही नाही, साधारण ०.७ टक्के, असे निघाले. आणखी एक अडचण आपोआप जमणाऱ्या फेराची. जो आपोआप जमतो तो आपोआप मोडतोही. रक्ताच्या प्रचंड प्रवाहात तो विरळ झाला की हात सुटतात आणि औषध वाटेतच सांडते. फेर घट्ट हवा, पण मुक्कामावर सुटायलाही हवा. या दोन टोकांची सांधेजोड करण्यात आज ठिकठिकाणच्या प्रयोगशाळा गुंतल्या आहेत. आणि ज्याला मोडायला मुदत ठेवच नाही, त्याचे काय? या प्रश्नाचे उत्तर रसायनशास्त्र देऊ शकत नाही; ते तुम्हांआम्हांलाच द्यावे लागेल.

शिवाय भोई कितीही सज्जन असले तरी देवाचे स्वतःचे काही दोष असतात. पेशीतली परांची अडवणारे हे औषध मज्जातंतूंतल्या तसल्याच नळ्यांनाही सोडत नाही. म्हणून हातापायांची बोटे बधिर होतात. काहींची पुढे सुधारतात. ताईची पुरती सुधारली नाहीत. सुईत दोरा ओवता येत नाही. दिवाळीत ती कडबोळी वळायला बसते, पण त्यांची टोके जुळली की नाही हे बोटांना कळत नाही. डोळ्यांनी पाहून जुळवावी लागतात. वाहन बदलून हे दुखणे टळले नाही.

आम्ही मराठीवाले ‘स्नेह’ या शब्दाचे दोन अर्थ वर्गात सांगतो: एक तेल, दुसरा माया. उदाहरणे देतो, विद्यार्थी लिहून घेतात, आणि पुढचा शब्द येतो. तेलाला पाण्यात न्यावयाचे तर दोघांचाही आब राखणारा कोणी मध्ये लागतो, एवढे साधे तत्त्व त्या शब्दामागे उभे आहे, हे मला ताईच्या आजारपणाने शिकविले.

गेल्या भाऊबीजेला मी नेहमीप्रमाणे पाटावर बसलो. ताई वाटी घेऊन आली. तेलात बोटे बुडविली, जरा थांबली, आणि मग वाटी माझ्यापुढे धरून म्हणाली,

“बघ रे जरा, फार कढत तर नाही ना? मला कळत नाही आता.”

मी बोट बुडवून पाहिले. तेल अगदी हवे तितके कोमट होते.